काळी पाच, काळी तीन

जळगावात गाणं कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, याबद्दल लीलाधरच्या मनात कधीही शंका आली नव्हती. इतरांच्या मनात यायची. पण इतरांना विचारतो कोण!

“पट्टी ओळखायला काय लागतं हो?” संध्याकाळी ओट्यावर बसून तो शेजाऱ्यांना सुनवायचा. “कान लागतो, कान! गाणं सुरू झालं रे झालं की हा कान सांगतो: काळी पाच, केरवा ताल, लय चढी! पुढचं ऐकायची मला गरजच पडत नाही!”

आणि खरोखरच तो पुढचं ऐकायचा नाही. स्वतःच बोलत बसायचा.

आता त्या कानाची थोडी माहिती दिली पाहिजे. लीलाधर एका जिनिंग फॅक्टरीत काट्यावरचा कारकून होता. तिथे दिवसभर असा खडखडाट चाले की शेजारचा माणूस ओरडला तरी नुसते ओठ हललेले दिसत. घरी आल्यावर ‘जेवायला चला’ हे त्याच्या बायकोला, यशोदाबाईला, भांडं आपटून सांगावं लागे. अशा कानाला म्हणे सुरातला बारकावा कळायचा! खरी हकिकत एवढीच, की शाळेतल्या गाण्याच्या मास्तरांनी एकदा त्याच्या फोनोशेजारी पेटी ठेवली, फोनोवरच्या गाण्याशी सूर जुळवून बघितला आणि ते म्हणाले, “काळी पाच वाटते.” म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीपासून धरलेला, चांगला चढा सूर. तेवढ्या भांडवलावर लीलाधरने पंडिताचं दुकान थाटलं.

तो फोनोही ऐकण्यासारखा नव्हता, बघण्यासारखा होता. सत्तेचाळीस साली भुसावळचा एक गोरा रेल्वेसाहेब सामानसुमान विकून विलायतेला निघाला, तेव्हा लीलाधरने तो उचलला. चावी देऊन चालवायचा, पितळी कर्ण्याचा. फिरत्या थाळीच्या कडेला वेगाचा एक लहानसा काटा होता. त्या काट्याबद्दल साहेबाने इंग्रजीत बरंच काही समजावून सांगितलं आणि लीलाधरने प्रत्येक वाक्याला “यस, यस” म्हटलं. घरी येऊन बघतो तर काटा मध्यावर!

“मध्यावर का म्हणून?” लीलाधर भडकला. “आपण काय अर्ध्या मशीनचे पैसे मोजलेत?”

आणि त्याने काटा पार टोकाला ढकलून दिला. त्या दिवसापासून त्याच्या घरातली सगळी गाणी धावत सुटली. विरहाची गाणीसुद्धा भुसावळ पॅसेंजर चुकेल अशा घाईने रडायची. बायका पोपटासारख्या बोलायच्या आणि पुरुष गायकांना मिसरूड फुटायची बाकी आहे असं वाटायचं. कोणी म्हटलंच की गाणं जरा जलद वाटतं, तर लीलाधर त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघायचा.

असा बाप, आणि त्याला लग्नाची मुलगी! कुंदा दिसायला चांगली, कामाला चलाख, आवाजही गोड. पण दोन स्थळं बापाच्या गाण्यापायी हातची गेली होती. एका स्थळाला त्याने तालाच्या मात्रा त्यांच्याच गुडघ्यावर वाजवून दाखवल्या. दुसऱ्यांना रेकॉर्डी ऐकवता ऐकवता त्यांची शेवटची गाडी चुकवली, आणि ती माणसं स्टेशनवर झोपली. यशोदाबाईला आता दारावरून फोनोचा आवाज गेला तरी धडकी भरायची.

तिसरं स्थळ लीलाधरचे चुलते चुडामण आबा यांनी आणलं. आबा धुळ्याजवळच्या सोनगीरचे. शेतीवाडी सांभाळून नात्यातली लग्नं जुळवायची हा त्यांचा हौसेचा उद्योग. मुलगा धुळ्याचा, अभिमन नावाचा, साक्रीला बांधकाम खात्यात ओव्हरसियर. बाप मोतीलाल, धुळ्यात किराणा दुकान. आबांनी पुतण्याला आदल्या दिवशीच दम भरला.

“लीलाधर, पोऱ्या सोनासारखा शे. हाई स्थळ गयं तं मना नाद सोडी दे!”

“आबा, मी तोंड उघडणार नाही!”

“फोनो?” यशोदाबाईने दारातून विचारलं.

“फोनोही नाही.”

फोनोवर चादर टाकली, चादरीवर उशा रचल्या, आणि मंडळी आली. मोतीलाल, त्यांची बायको ताईबाई आणि अभिमन. पोहे झाले, पापडासारख्या तळलेल्या बिबड्या झाल्या. पोह्यांत मिरची अंमळ जास्तच पडली होती. अभिमनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने पाणी न मागता सगळे पोहे संपवले, वर “छान झालेत” म्हणाला. कुंदाने ते दाराआडून पाहिलं आणि तिचा निर्णय तिथेच झाला. हाच नवरा!

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग मोतीलालनी ढेकर देऊन सहज विचारलं, “मुलीला गाणं येतं म्हणे? आमच्याकडे फोनो आहे. गाण्याची भारी आवड!”

यशोदाबाईने डोळे मिटले. उघडले तेव्हा उशा जमिनीवर होत्या!

“तुम्हाला म्हणून सांगतो,” लीलाधर चावी फिरवत म्हणाला, “आधी रेकॉर्ड ऐका, मग मुलगी ऐका. सुराला केसभर फरक निघाला तर नाव बदलीन!”

गाणं त्या वर्षी गाजलेलं होतं. नायिका झोक्यावर बसून परदेशी गेलेल्या नवऱ्याला आठवते, असलं काहीतरी. लीलाधरच्या मशीनवर तो झोका असा सुटला की बाई केव्हा खाली पडेल याची काळजी वाटावी. रेकॉर्ड संपली, कुंदाने तेच गाणं म्हटलं. तोच चढा सूर, तीच धावपळ. केसभर फरक नाही!

मोतीलालचं तोंड कारलं चावल्यासारखं झालं होतं.

“आवाज गोड आहे पोरीचा,” ते म्हणाले. “पण ही घाई कसली? मागे काय पोलीस लागलेत?”

“घाई?” लीलाधरचे कान एकदम तिखट झाले. “हीच लय आहे गाण्याची. काळी पाच!”

“काळी तीन!”

“पाच!”

“अहो, आमच्याकडे हे गाणं रोज लागतं. काळी तीन. चांगलं खाली, भारदस्त. लय एकदम संथ. आमच्या तालुक्याच्या भजनी मंडळाने पेटीवर ताडून पाहिलंय!”

“काळी तीन असेल तर तुमच्याकडे ती बाई गात नाही, तिचा आजोबा गातो!”

“आणि तुमच्याकडे तिची नात!”

आबांनी हात वर केले, यशोदाबाईने चहा पुढे केला, पण आता दोघांनाही चहा दिसत नव्हता. मोतीलाल म्हणाले की चुकीच्या पट्टीची सवय लागलेली सून घरात आली तर ती मोडण्यात आयुष्य जाईल. लीलाधर म्हणाला की ज्या घराला काळी पाच आणि काळी तीन कळत नाही, त्या घरात मी मांजरसुद्धा देणार नाही!

हे बोलून झालं मात्र, मोतीलाल उठले, टोपी नीट केली. ताईबाईंनी अर्धा चहा तसाच ठेवला. अभिमन जाताना दाराकडे बघून घेत होता, पण बापाने दंडाला धरून त्याला जोड्यांपर्यंत नेलं.

“काय पळाले!” लीलाधर विजयाने म्हणाला. “सुरापुढे टिकले नाहीत!”

यशोदाबाईने हातातलं तबक जमिनीवर ठेवलं, आपटलं नाही. ते जास्त वाईट होतं.

“तुमचा सूर घाला चुलीत! पोरीचं तिसरं स्थळ गेलं, कळतंय का?”

“दुसरं येईल.”

“नाना,” कुंदा आतून म्हणाली. ती बापासमोर एरवी असं कधी बोलत नसे. “मला दुसरं नको. मला हाच मुलगा पसंत होता.”

आणि ती रडायला लागली. लीलाधरला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण माफी मागायची म्हणजे काळी तीन कबूल करायची! त्यापेक्षा त्याने जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी भूक लागल्यावर परत धरलं.

चुडामण आबा मात्र हार मानणारे नव्हते. ते जळगाव-धुळे अशा खेपा घालत राहिले आणि शेवटी दोन्ही घरांना त्यांनी आपला निकाल कळवला.

“दोन्ही बाजा सोनगीरले आना! मना अंगणमा बठ्ठा गावना समोर वाजाडू. ज्याना बाजा खोटा निंघी, त्यानी माफी मांगानी. आनि माफी मांगी का लगीन पक्कं!”

दोघांनी ताबडतोब होकार दिला. माफी समोरचाच मागणार, याची दोघांनाही खात्री होती.

“मीही येते,” यशोदाबाई म्हणाली. “आणि कुंदाही येईल. तुम्हाला एकटं सोडलं तर पोरगी माझ्या घरी म्हातारी होईल!”

वैशाखाचं ऊन तापलं होतं. एस.टी.त लीलाधर फोनोची पेटी पायाशी आणि तो पितळी कर्णा मांडीवर घेऊन बसला. कर्ण्याचं तोंड शेजारच्या म्हातारीच्या कानात जात होतं. कंडक्टर आला.

“याचं अर्धं तिकीट पडेल.”

“मांडीवरच्या लेकराला तिकीट असतं का?”

“लेकरू एवढं आ करून बसत नाही!”

धुळ्यापर्यंत लीलाधर कंडक्टरशी भांडला. धुळ्याहून सोनगीरपर्यंत म्हातारीशी.

आबांच्या अंगणात गाव आधीच जमलं होतं. लग्नसराईचे दिवस, शेतात काम नाही, आणि फुकटचा तमाशा! आबांची बायको झुंबरबाई पाण्याच्या घागरींवर घागरी भरत होती. ताईबाई आणि अभिमनला घेऊन आलेल्या मोतीलालनी आपला फोनो जुन्या धोतरांच्या घड्यांतून बाहेर काढला. धोतरं संपेचनात. आत मशीन होतं अगदी कोरं, आणि त्याचा काटा होता दुसऱ्या टोकाला, सगळ्यात खाली.

“मी मशीनवर ताणच येऊ देत नाही,” मोतीलाल अभिमानाने म्हणाले. “काटा पहिल्या दिवसापासून खाली. कशाला उगाच झिजवायचं? नातवापर्यंत टिकलं पाहिजे!”

“वापरायचं नव्हतं तर घेतलं कशाला?” लीलाधर हसला. “माझा बघा, काटा पूर्ण वर! पैसे पुरेपूर वसूल!”

दोघेही एकमेकांच्या अडाणीपणाला पोटभर हसले. तो काटा वेगाचा असतो, आणि वेग बदलला की सूरही चढतो-उतरतो, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. एकाची उधळपट्टी आणि एकाचा चिक्कूपणा, यांच्यामध्ये ते बिचारं गाणं कुठेतरी लोंबकळत होतं!

पहिल्यांदा आबांनी दोन्ही रेकॉर्डी एकदमच लावायला सांगितल्या. दोन्हीकडे तेच गाणं. चावी द्यायला लीलाधरच्या मशीनपाशी कुंदा, मोतीलालच्या मशीनपाशी अभिमन. दोन्ही सुया एकदम टेकल्या आणि अंगणातली कुत्री उठून निघून गेली.

गावकऱ्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग त्यांच्या लक्षात आलं की जळगावची बाई पुढे निघाली आहे आणि धुळ्याची मागे पडते आहे. ही तर शर्यत! मग काय विचारता!

“चाल रे जळगाव! चाल!”

“धुळं मांगे पडनं! आरे, हाक तिले!”

“दुसरं कडवं गाठं! गाठं रे गाठं!”

लीलाधरची रेकॉर्ड संपली तेव्हा मोतीलालची बाई अजून मधल्याच कडव्यात नवऱ्याला आठवत होती. गावाने टोप्या उडवल्या. “जळगाव जितनं! पूर्व खानदेश जितना!” कोणीतरी लीलाधरच्या कपाळाला गुलाल फासला. लीलाधरने नमस्कार केले. त्याला यात काहीच गैर वाटलं नाही.

“अहो, गाणं म्हणजे काय बैलांची शर्यत आहे?” मोतीलाल कळवळून ओरडले. “आबा, हा काय न्याय झाला?”

आबांना ते पटलं. त्यांनी गावातल्या भजनी मंडळाच्या पुनाला पेटी घेऊन बोलावलं. आता एकेकाची रेकॉर्ड लावायची, पुनाने पेटीवर सूर जुळवून पट्टी सांगायची. त्याआधी सगळ्यांनी पाणी प्यायचं ठरलं. मंडळी झुंबरबाईच्या घागरींकडे वळली. मशीनांपाशी राहिली फक्त कुंदा आणि अभिमन, एकमेकांकडे पाठ करून.

कुंदाला तो काटा माहीत होता. लहानपणी तिने तो एकदा हलवला होता. तेव्हा गाणं संथ होऊन जागच्या जागी बसलं होतं, मशीनला हात लावला म्हणून तिला पाठीत धपाटा मिळाला होता आणि तिने काटा परत वर ढकलला होता. धुळ्याची माणसं उठून गेली त्याच रात्री तिला सगळं उमगलं होतं. पण बापाला सांगणार कोण, आणि सांगितलं तरी ऐकणार कोणता कान? आता तिने सरळ हिशोब केला. नाना हरले तर नाना माफी मागतील. माफी मागितली की लग्न पक्कं. आबा सगळ्या गावासमोर बोलले आहेत. तिने पदर सावरल्यासारखं केलं आणि आपल्या मशीनचा काटा वरच्या टोकाहून पार खालच्या टोकाला सरकवून ठेवला.

अभिमन तर ओव्हरसियर माणूस. घरचा फोनो त्याने बापाच्या चोरून केव्हाच उघडून पाहिला होता. त्यालाही मुलगी आवडली होती, तिखट पोह्यांसकट. त्यानेही हाच हिशोब केला. बाबा हरले की काम झालं! त्याने खांद्यावरचा रुमाल मशीनवर टाकला, रुमालाखालून आपला काटा खालून वर नेला, आणि काही न घडल्यासारखा आकाशाकडे बघत उभा राहिला.

मंडळी परत आली. पुनाने पेटीचा भाता सोडला.

“ऐका आता!” लीलाधरने कर्णा गावाकडे वळवला. “काळी पाच! कान असतील तर ऐका!”

सुई टेकली. कर्ण्यातून आधी एक लांबलचक कण्हणं आलं. मग ती बाई गायला लागली. खाली, खोल, एकेक शब्द उचलून ठेवत. मघाशी जी धावत होती, तिला आता पाय उचलवत नव्हता.

“आरे, हाई बाई तं आजारी पडनी!” मागून कोणीतरी म्हणालं.

“ऊन लागनं तिले,” दुसऱ्याने सांगितलं.

पुनाने पेटीवर चाचपून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मोठ्याने म्हणाला, “काळी तीन!”

लीलाधरचा चेहरा उतरला. त्या जाड कानालाही एवढं कळलं! त्याने मशीनला थाप मारली, कर्ण्यात डोकं घालून पाहिलं. मोतीलाल तर जागेवरच नाचायला लागले.

“काळी तीन! तुमच्याच मशीनने सांगितलं! मागा माफी!”

कुंदाने खाली मान घातली आणि मनातल्या मनात देवाला हात जोडले. आता नाना माफी मागतील, आणि संपेल सगळं.

पण मोतीलालना तेवढ्यावर राहवेना! जिंकलेल्या माणसाने गप्प बसावं, एवढी साधी गोष्ट. पण नाही!

“थांबा! माझंही ऐकून घ्या. म्हणजे पुन्हा शंका नको!”

अभिमन घाईने पुढे झाला. “बाबा, आता कशाला? झालं ना सिद्ध!”

“तू गप रे! दे चावी!”

सुई टेकली. आणि मोतीलालच्या त्या कोऱ्या, जपलेल्या, नातवासाठी राखलेल्या मशीनमधून ती बाई अशी सुटली की पुनाचा हात पेटीवर पोचेपर्यंत तिने पहिलं कडवं उरकलं.

“काळी पाच!” पुना ओरडला आणि घाबरून पेटी मिटून बसला.

कुंदाने अभिमनकडे पाहिलं. अभिमनने कुंदाकडे पाहिलं. मग दोघांची नजर एकमेकांच्या काट्यांवर गेली. दोघांनीही एकमेकांसाठी आपापल्या बापाला बुडवलं होतं, आणि त्यातून दोघंही बाप तरंगून वर आले होते!

“बघा!” लीलाधरला पुन्हा कंठ फुटला. “काळी पाच! तुमचंच मशीन सांगतंय!”

“आणि तुमचं मशीन काळी तीन सांगतंय, त्याचं काय?”

“म्हणजे मी बरोबर होतो!”

“म्हणजे मी बरोबर होतो!”

ते पुन्हा उभे ठाकले. यशोदाबाईने कुंदाचा हात धरला. एस.टी. पकडायची वेळ झाली, हे तिने तोंडाने म्हटलं नाही एवढंच.

तेव्हा चुडामण आबा उठले. त्यांना काळी पाच कळत नव्हती आणि काळी तीनही कळत नव्हती. त्यांना फक्त भूक लागली होती.

“बसा खाले दोन्ही! तुना बाजानी तुले खोटं पाडं, आनि याना बाजानी याले. दोन्ही जितनात, दोन्ही हारनात. आते दोन्ही जन एकमेकनी माफी मांगा, नही तं हाई दोन्ही डबडा मी विहीरमा फेकस!”

आबांचे दोन गडी विहिरीच्या बाजूने सरकले. लीलाधरने एकदा कर्ण्याकडे पाहिलं आणि एकदा विहिरीकडे. मग तो मिशीत काहीतरी पुटपुटला. मोतीलालही टोपीत काहीतरी पुटपुटले. कोणाचंच कोणाला ऐकू आलं नाही, पण आबांनी मोठ्याने जाहीर केलं, “मांगी माफी! लगीन पक्कं!” झुंबरबाई गूळ घेऊन आली. यशोदाबाई आणि ताईबाई एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कुंदा आत पळाली.

गूळ खाताना दोन्ही व्याह्यांनी डोकी जवळ आणली.

“मोतीलालभाऊ, पण हे झालं कसं?”

“सोनगीरचं ऊन, लीलाधरभाऊ! दुसरं काय?”

“अगदी माझ्या मनातलं बोललात. आणि मशीनं शेजारी शेजारी ठेवायलाच नको होती. एकाचा सूर दुसऱ्यात शिरला!”

“शिरणारच! चांगल्या मशीनांचं असंच असतं.”

दोन शहाणी माणसं एकदाची एकमेकांना भेटली होती! घाईघाईत मशीनं गुंडाळली गेली आणि काटे जिथे होते तिथेच राहिले.

पुढचे काही आठवडे जळगावच्या त्या गल्लीत गाणी संथ झाली. काटा वरच्याच टोकाला आहे हे लीलाधर धरूनच चालला होता, तो कशाला बघेल! आधी त्याला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. मग सवय लागली. मग तो ओट्यावर बसून शेजाऱ्यांना सांगायला लागला, “या गाण्याची खरी पट्टी काळी तीन! लय संथ पाहिजे, डोलायला लावणारी!”

“पण तुम्हीच तर काळी पाच म्हणत होता!”

“तेव्हा मी तुमची परीक्षा बघत होतो.”

तिकडे धुळ्यात मोतीलालच्या दुकानातही गाणी धावू लागली होती, आणि तेही गिऱ्हाइकांना ऐकवत होते, की गाण्यात जान हवी असेल तर काळी पाचच पाहिजे.

साखरपुडा जळगावला लीलाधरच्या घरी. अंगणात मांडव, सवाष्णी जमलेल्या, भटजी वेळेवर आलेले. आबा तर सोनगीरहून आदल्या दिवशीच येऊन बसले होते. लीलाधरने फोनो या वेळी उघड्यावरच ठेवला होता. आता काय, व्याही जाणकार! मोतीलाल येऊन टेकले, पाणी प्यायले, आणि लीलाधर मोठ्या मनाने म्हणाला, “मोतीलालभाऊ, त्या गाण्याबद्दल शेवटी मला तुमचं पटलं हं! काळी तीनच!”

मोतीलालनी कपाळाला आठी घातली.

“काळी तीन? छे हो! काळी पाच! चढी लय! मीच चुकत होतो.”

“चुकत नव्हतात! तेव्हाच बरोबर होतात!”

“अहो, माझं काय बरोबर होतं ते मला माहीत, की तुम्हाला?”

“संथ गाणं आहे ते!”

“संथ? बाई झोक्यावर बसली आहे, का खाटेवर पडली आहे?”

आबांनी कपाळावर हात मारला. पण यशोदाबाई उठली नाही, की घाबरली नाही. तिने ताईबाईंकडे पाहिलं. ताईबाईंनी मान हलवली. मग यशोदाबाईने भटजींना खूण केली.

इकडे लीलाधर मोतीलालना मांडीवर ठेका धरून संथ लय दाखवत होता. मोतीलाल त्याच्याच दुसऱ्या मांडीवर जलद ठेका धरत होते. लीलाधरने मोतीलालना किराण्यातला उंदीर म्हटलं, तर मोतीलालनी लीलाधरला जिनिंगमधला कापसाचा बोळा म्हटलं. दोघंही घामाघूम झाले. मधेच कोणीतरी लीलाधरच्या पायाशी आलं, तो वाकून वाकून ठेका दाखवत होता त्याला अडथळा झाला, तसा तो खेकसला. पुन्हा सम गाठली. शेवटी दम लागला तेव्हा त्याने पाणी मागितलं आणि इकडेतिकडे पाहिलं.

मांडवात माणसं पंगतीला बसत होती. कुंदाच्या अंगावर धुळ्याहून आलेलं हिरवं लुगडं होतं, कपाळावर मळवट, ओटी भरलेली. अभिमनच्या कपाळाला टिळा होता, हातात नारळ.

“अरे, चला, आटपा!” लीलाधर म्हणाला. “साखरपुड्याला सुरुवात कधी करायची?”

“झाला,” यशोदाबाई म्हणाली.

“झाला? कोणी केला?”

“आबांनी. तुम्ही दोघं समेवर होता.”

लीलाधरने मोतीलालकडे पाहिलं. मोतीलालनी टोपी काढून हातात घेतली.

“आणि कुंदा माझ्या पाया नाही पडली?” लीलाधरचा आवाज बारीक झाला होता.

“पडली ना. तुम्ही म्हणालात, ‘बाजूला हो गं, मला लय दाखवू दे!’”

तिने त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि ती पंगत वाढायला निघून गेली.